कळपात कोंबडे किती असावेत?

परसात चार-सहा कोंबड्या पाळायचे ठरले की घरात पहिला प्रश्न हाच निघतो: कोंबडा नसला तर कोंबड्या अंडी घालतील का? वर्षभरात घरची कोंबडी खुडूक बसते, पिल्ले काढते, पिल्ले वाढतात आणि मग त्याच घरात दुसरा प्रश्न येतो: या सहा-सात नरांचे आता करायचे काय? दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. कळपात कोंबडा नेमके काय करतो हे आपण कधी नीट पाहिलेले नसते. ते समजले की कोंबडा हवा की नको, हवा तर किती, आणि उरलेल्यांची सोय काय, हे सगळे ठरवता येते. एकेक मुद्दा क्रमाने घेऊ.

१. अंड्याला कोंबडा लागत नाही

कोंबडी अंडे घालते ते तिच्या शरीराच्या चक्रामुळे. तिच्या पोटात बलक पिकतो आणि अंडनलिकेत उतरतो. तिथून पुढे त्याच्याभोवती पांढरा भाग चढायला सुमारे तीन तास लागतात, आतला पातळ पापुद्रा तयार व्हायला तासाभराहून थोडे अधिक, आणि कवच चढायला वीसेक तास. एक अंडे पुरे व्हायला असे २४ ते २६ तास जातात. हे चक्र चालते ते उजेड, आहार आणि कोंबडीचे वय यांवर. दिवस लहान झाले की अंडी कमी होतात ती यामुळेच. अंड्यांच्या मोठ्या शेडमध्ये दिवे लावून रोज १६ तासांपर्यंत उजेड देतात, आणि तिथे एकही नर ठेवलेला नसतो. दुकानातले अंडे कितीही दिवस उबवले तरी त्यातून पिल्लू निघणार नाही.

बलक अंडनलिकेच्या वरच्या, रुंद तोंडाच्या भागात असतो तेव्हाच त्याचा नराच्या बीजाशी संयोग होऊ शकतो. त्याला तिथे जेमतेम पंधरा-वीस मिनिटे मिळतात. पांढरा भाग चढू लागला की ती वेळ गेली.

आपल्या घरचे अंडे फलित आहे की नाही हे बशीत फोडून पाहता येते. पिवळ्या बलकावर एक पांढुरका ठिपका असतो. तो बारीक, भरीव आणि कडेला वेडावाकडा असेल तर अंडे अफलित. ठिपका जरा मोठा, चांगला गोल, कडेने वलय आणि मधे फिकट असा दिसला तर अंडे फलित. चवीत किंवा पोषणात या दोहोंत फरक नाही. कवचाचा तपकिरी किंवा पांढरा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, कोंबड्यावर नाही.

फरक पडतो तो टिकण्यात. फलित अंड्यातला जीव साधारण २० ते २४ अंश सेल्सिअसच्या खाली थांबून असतो. त्याच्या वर तो हळूहळू वाढू लागतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत घरातले तापमानच ३५ अंशांच्या पुढे जाते. अशा दिवसांत कोंबडा असलेल्या घरची अंडी लवकर खराब होतात. ती दिवसातून दोनदा गोळा करून थंड जागी ठेवायला हवीत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. फक्त खायची अंडी हवी असतील तर कोंबडा ठेवण्याची गरज नाही. घरचीच पिल्ले हवी असतील तर मात्र तो लागतो.

२. एक मिलन, दोन-तीन आठवडे

कोंबडीच्या अंडनलिकेत खालच्या बाजूला अतिशय बारीक नळ्या असतात. मिलनानंतर नराचे बीज या नळ्यांत साठून राहते आणि रोज उतरणाऱ्या बलकासाठी थोडे थोडे वर सोडले जाते. या साठ्यावर दोन, कधी तीन आठवडे फलित अंडी मिळू शकतात. त्यामुळे काल कोंबडा विकला तरी पुढच्या आठवड्यातली अंडी खुशाल उबवायला ठेवता येतात.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी लागते. समजा, आपल्याला शुद्ध कडकनाथाची पिल्ले काढायची आहेत. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या या काळ्या कोंबडीच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून तिची मागणी वाढली. आपल्या कडकनाथ माद्यांमध्ये शेजारचा गावठी कोंबडा एक दिवस जरी शिरला, तरी पुढच्या तीन आठवड्यांची अंडी शुद्ध म्हणून कोणालाही देऊ नयेत. कोंबडा बदलला तरी हाच नियम: जुना काढल्यावर तीन आठवडे जाऊ द्यावेत, मगच नव्याची पिल्ले म्हणून अंडी निवडावीत.

३. एकामागे आठ ते दहा

बीज साठून राहत असल्यामुळे एक नर बऱ्याच माद्यांना पुरतो. परसातल्या कळपाला एका कोंबड्यामागे आठ ते दहा कोंबड्या हे प्रमाण चांगले. अंगाने हलक्या, चपळ जातींत ते बारापर्यंत जाते. असीलसारख्या भारी जातींत सहा ते आठवर थांबावे.

माद्या फार झाल्या तर काही अंडी अफलित राहतात, एवढेच नुकसान. माद्या कमी पडल्या तर नुकसान कोंबडीच्या अंगावर दिसते. नर तिच्या पाठीवर चढतो, पायांनी तोल धरतो आणि डोक्यामागची पिसे चोचीत पकडतो. तीन-चारच माद्या असतील तर त्यांतही एखादी त्याच्या जास्त आवडीची ठरते आणि तिच्यावर दिवसातून अनेकदा ही पाळी येते. कोंबडी हातात घेऊन पाठीवरून उलटा हात फिरवावा. पिसांचे दांडे मोडलेले, मधे उघडी कातडी, पंखांच्या मुळाशी ओरखडे असे दिसले की समजावे, या कळपाला हा कोंबडा जड जातो आहे.

यावर उपाय सोपा आहे. कोंबडा वेगळ्या जाळीत ठेवून आठवड्यातून दोन दिवस कळपात सोडावा. साठ्याची सोय निसर्गाने केलेलीच आहे, त्यामुळे अंडी फलित होत राहतात आणि माद्यांची पाठ भरून येते. जखम झालेली कोंबडी मात्र ती बरी होईपर्यंत बाजूला ठेवावी, कारण लाल दिसणाऱ्या जागी इतर कोंबड्या टोचा मारत राहतात.

४. निम्मे नर निघणारच

माणसात मूल मुलगा की मुलगी हे वडिलांच्या बीजावरून ठरते. पक्ष्यांत ते मादीकडून ठरते: कोंबडीच्या बलकातच नर किंवा मादी होण्याची निवड झालेली असते. टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी निघते हा समज गावोगाव ऐकू येतो. त्याला आधार नाही.

आता हिशेब करू. कोंबडीखाली १२ अंडी ठेवली, २१ दिवसांनी १० पिल्ले निघाली. सरासरीने ५ नर, ५ तलंगा. पण सरासरी दर वेळी हाती येत नाही. नेमके पाच-पाच निघण्याची शक्यता सुमारे २५ टक्के आहे, आणि सात किंवा त्याहून जास्त नर निघण्याची शक्यता १७ टक्के, म्हणजे साधारण सहा खेपांतून एकदा. त्यामुळे सात नर निघाले तर त्यात कोंबडीचा दोष नाही आणि आपले नशीबही खोटे नाही.

त्या पाच नरांतला एक ठेवायचा असे धरले तर चार जास्तीचे. वाढता गावठी नर दिवसाला साधारण ९० ग्रॅम खातो असे मानू. चौघांचे रोजचे ३६० ग्रॅम, महिन्याचे जवळपास ११ किलो. बाहेर चरणाऱ्यांचे दाणापाणी थोडे कमी लागेल, पण निर्णय लांबवला की खर्च चढतच जातो.

नर ओळखायला फार थांबावे लागत नाही. सहा ते आठ आठवड्यांत त्यांचा तुरा मोठा आणि लाल होतो, पाय जाड दिसतात. पुढे तीन-चार महिन्यांत मानेवरची आणि कमरेवरची पिसे अरुंद, टोकदार, चकचकीत होतात. तलंगीची पिसे त्या जागी गोल टोकांचीच राहतात. याच सुमारास आरवण्याचे पहिले तुटके प्रयत्न ऐकू येतात. निर्णयाची वेळ ही.

विकायचे असतील तर बाजार आधी पाहावा. आपल्याकडे श्रावण लागण्यापूर्वी आषाढात गावठी कोंबड्याला चांगली मागणी असते. कोकणात राखणदाराला कोंबडा देण्याची रीत आहे, तिथे त्या त्या वेळी भाव येतो. गावठी नर पूर्ण भरायला पाच-सहा महिने घेतो. म्हणजे आषाढासाठी पिल्ले जानेवारी-फेब्रुवारीत निघालेली हवीत, आणि अंडी त्याच्या तीन आठवडे आधी कोंबडीखाली गेलेली हवीत. तोवर हे तरुण नर माद्यांच्या नजरेआड, वेगळ्या जागी एकत्र ठेवावेत. समोर माद्या नसल्या की त्यांच्यातली भांडणे खूप कमी होतात.

५. कळपातला क्रम

नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्यांचे वेड होते. कोण कोणाला टोच मारते आणि कोण निमूट बाजूला होते याच्या नोंदी ते ठेवत गेले, आणि १९२१ मध्ये त्यांनी आपल्या प्रबंधात दाखवून दिले की कळपात प्रत्येकीचा क्रम ठरलेला असतो. सार्वजनिक नळावर रोज येणाऱ्या बायकांना आपापला नंबर माहीत असतो, त्यामुळे रोज वाद होत नाही. नवी कोणी मधे घुसली की हंडे वाजतात. कळपाचेही तसेच चालते. नवा पक्षी आला, जुना गेला किंवा एखादा आजारी पडला की क्रम नव्याने ठरतो, आणि तेव्हाच मारामारी दिसते.

नरांचा क्रम माद्यांपासून वेगळा असतो आणि तो जास्त जोराने ठरवला जातो. दोन नर ठेवायचे असतील तर किमान १६ ते २० माद्या हव्यात. दोघे एकाच खेपेचे, एकत्र वाढलेले असावेत, किंवा एक जुना आणि एक त्याच्या हाताखाली वाढलेला. दोन मोठे अनोळखी नर एकदम एकत्र सोडू नयेत. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन जागी ठेवावीत. मधे लाकडाची मोळी, झुडूप, तिरपा पत्रा असा आडोसा असावा. हरलेल्याला नजरेआड जाता आले की भांडण तिथेच मिटते. कोपऱ्यात अडकला तर रक्त निघेपर्यंत चालते. अशी भांडणे मुद्दाम लावणे हा गुन्हा आहे. प्राण्यांना झुंजवायला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने १९६० पासून मनाई आहे.

या क्रमात मादीही गप्प बसलेली नसते. टॉमासो पिझारी आणि टिम बर्कहेड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसले की खालच्या क्रमाच्या नराने जबरदस्ती केली तर कोंबडी त्याचे बीज बरेचदा बाहेर टाकून देते. म्हणून नर वाढवले की अंडी जास्त फळतील हा हिशेब चुकतो. वाढते ती ओढाताण.

६. कोंबडा कळपाला काय देतो

चांगला कोंबडा दाणा सापडला की लगेच गिळत नाही. तो मान खाली-वर करतो, दाणा चोचीत उचलून पुन्हा खाली टाकतो आणि हलक्या आवाजात भरभर ‘कुक्-कुक्’ करतो. माद्या धावत येतात आणि दाणा त्यांना मिळतो. ज्याच्या हाकेला खरोखर खाणे सापडते, त्याच्याकडे माद्या पुन्हा येतात.

दुसरे काम राखणीचे. संशोधक पीटर मार्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की कोंबड्याचे धोक्याचे आवाज दोन तऱ्हांचे असतात. आकाशात घार किंवा शिक्रा दिसला तर एक, जमिनीवरून कुत्रा किंवा मांजर आले तर दुसरा. पहिला आवाज ऐकला की माद्या आडोशाला पळून दबून बसतात. दुसऱ्याला मान ताठ करून आजूबाजूला पाहतात. जवळ मादी असेल तर नर आकाशातल्या शत्रूची वर्दी जास्त वेळा देतो, असेही त्यांना आढळले. मोकळे चरणाऱ्या कळपाला याचा मोठा आधार असतो. मात्र रात्रीच्या रानमांजरापुढे किंवा खुराड्यात शिरलेल्या मुंगसापुढे कोंबड्याचे काही चालत नाही. तिथे बारीक जाळी आणि घट्ट कडीच हवी.

७. आरवणे आणि शेजार

‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ असे आपण म्हणतो. झाकलेला कोंबडा आरवायचाही राहत नाही, हे आता प्रयोगाने सिद्ध झाले आहे. नागोया विद्यापीठातल्या त्सुयोशी शिम्मुरा आणि ताकाशी योशिमुरा यांनी कोंबड्यांना चोवीस तास एकसारख्या मंद उजेडात ठेवले. तरी ते आपल्या ठरल्या वेळीच आरवत राहिले. २०१३ च्या या शोधाने दाखवले की पहाटेची वेळ कोंबड्याच्या शरीरातले घड्याळ सांगते, आणि ते तांबडे फुटण्याच्या सुमारे दोन तास आधीच त्याला जागे करते. पुढे २०१५ मध्ये त्यांनीच दाखवले की कळपात सर्वांत वरच्या क्रमाचा कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे त्याच्यामागून, आपापल्या क्रमाने.

यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. अंधार करून कोंबडा गप्प होणार नाही. फार तर बंद खुराड्यामुळे आवाज थोडा दबेल. आणि नर जितके जास्त, तितकी पहाटेची माळ लांब. खुराड्याचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नसावे. भिंत जाड असावी, पण हवा खेळती राहावी. गळ्याला आवळपट्टी बांधणे हा उपाय नाही, त्याने पक्ष्याचा श्वास कोंडतो. फ्रान्समध्ये मोरिस नावाच्या कोंबड्याच्या आरवण्यावरून शेजारी न्यायालयात गेले. २०१९ मध्ये निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला आणि २०२१ मध्ये तिथे गावाकडच्या आवाजांना आणि वासांना संरक्षण देणारा कायदाही झाला. पण निकालाने शेजाऱ्याची झोप परत मिळत नाही. जिथे घराला घर लागून आहे, तिथे फक्त माद्या ठेवणे हेच शेजारधर्माला धरून आहे.

८. पायाखालची जमीन

कोंबडा कळपात सर्वांत वजनदार असतो, म्हणून जमिनीचा दोष आधी त्याच्या पायाला दिसतो. उंच दांडीवरून तो रोज कडक फरशीवर उडी मारतो, तळव्याला बारीक चीर पडते, तीत घाण जाते आणि मधोमध काळी खपली धरलेली गाठ येते. असा कोंबडा लंगडतो आणि मिलनाच्या वेळी तोल धरू शकत नाही. बाहेरून धडधाकट दिसूनही त्याची अंडी अफलित निघू लागतात.

बसायची दांडी जमिनीपासून दीड-दोन फुटांवर असावी, गोलसर आणि खरखरीत. खाली भाताच्या तुसाची किंवा लाकडाच्या भुशाची दोन-तीन इंचांची गादी पसरावी. गादी बरोबर आहे का हे मुठीत दाबून कळते. मूठ उघडल्यावर ती सैलसर गोळा होऊन लगेच फुटली तर ठीक. घट्ट गोळा राहिला तर ओल जास्त आहे, धूळच उडाली तर फार कोरडी आहे. ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि तिच्यातून निघणाऱ्या वायूने डोळे चुरचुरतात. पावसाळ्यात ती रोज खालीवर करावी, पाण्याच्या भांड्याजवळची ओली जागा उचलून नवा तूस टाकावा. कोकणातल्या पावसात जमिनीवरच्या खुराड्यापेक्षा खांबांवर उचललेले खुराडे जास्त कोरडे राहते.

९. अंगावर येणारा कोंबडा

नर वयात आला की माणसालाही प्रतिस्पर्धी समजू शकतो. एक पंख खाली सोडून तो तिरपा चालत येतो, मानेची पिसे फुलवतो. ही पूर्वसूचना असते. पुढे उडी आणि पायामागच्या टोकदार काट्याचा मार. पिल्लू असताना ज्याच्याशी हाताने लुटुपुटुची भांडणे केली, तोच बहुधा पुढे मारका होतो. मुलांना हे आधीच सांगून ठेवावे.

त्याच्यासमोरून पळू नये, लाथही मारू नये. पळालात तर तो जिंकतो, मारलेत तर त्याच्या लेखी लढाई सुरू होते. मधे फळी किंवा बादली धरून शांतपणे आपल्या वाटेने जावे आणि दाणा टाकताना तो बाजूला होईपर्यंत थांबावे. काट्याच्या आत जिवंत हाड असते, म्हणून फक्त टोक कानशीने घासून बोथट करावे. एवढे करूनही तो अंगावर येत असेल आणि घरात लहान मूल असेल, तर तो कोंबडा ठेवू नये. लहान मुलाचा चेहरा बरोबर त्याच्या उडीच्या उंचीवर असतो.

१०. एक कोंबडा म्हणजे अर्धा कळप

दहा माद्या आणि एक नर यांची पन्नास पिल्ले झाली तर एकेका मादीचा वाटा सरासरी पाच पिल्लांत असतो. नराचा पन्नासांत. पुढच्या पिढीचे अर्धे गुण त्या एकाकडून येतात. म्हणून सगळ्यांत मोठ्या तुऱ्याचा किंवा सगळ्यांत दांडगा नर ठेवण्याआधी त्याची आई पाहावी: ती अंडी किती घालते, पिल्ले सांभाळते का, आजारातून टिकली का. मग त्याचे पाय सरळ आहेत का, डोळे स्वच्छ आहेत का, माद्यांना दाण्यासाठी हाक देतो का आणि माणसाशी शांत राहतो का, हे पाहावे. स्वभावही काही अंशी वारशाने उतरतो. मारक्या कोंबड्याची अंडी उबवून आपण पुढचे मारके कोंबडेच तयार करतो.

वनराज, गिरिराज यांसारखे सुधारित पक्षी संकरातून आलेले असतात. त्यांचाच नर आणि त्यांचीच मादी ठेवून काढलेली पिल्ले आईबापांसारखी एकसारखी निघत नाहीत. सुधारित पक्षीच हवे असतील तर पिल्ले पुन्हा पैदास केंद्रातून आणणे बरे. गावठी माद्यांवर असा नर सोडला तर पहिल्या पिढीची वाढ आणि अंडी सुधारतात, पण माद्यांचे खुडूक बसणे कमी होऊ शकते. हा सौदा समजून करावा.

तोच नर त्याच्या मुलींवर चालू राहिला की रक्त जवळ येते. अंडी कमी उबतात, पिल्ले अशक्त निघतात. म्हणून मुली अंड्यावर येण्याआधी नर बदलावा. दोन गावांतल्या दोन घरांनी आपले चांगले नर अदलाबदल केले तर पैसाही लागत नाही. आलेला नर तीन-चार आठवडे वेगळा ठेवावा, राणीखेत रोगाची लस झाली आहे ना याची खात्री करावी, आणि मग संध्याकाळी अंधार पडल्यावर दांडीवर बसवावा.

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवण्याआधी दोन गोष्टी लिहून ठेवा: कळपात किती नर हवेत आणि बाकीच्यांची सोय कोणत्या महिन्यात, कुठे लावणार. दुसरी गोष्ट सुचत नसेल तर ती अंडी उबवू नका, खायला वापरा. आपल्या परसात जन्मणाऱ्या प्रत्येक नराची जबाबदारी, अंडे कोंबडीखाली सरकवले त्या क्षणापासून आपली असते.